मागे घेतलेली समजूत

मी संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला तर्कशास्त्र शिकवते. त्यातला माझा आवडीचा भाग समजुतींच्या दुरुस्तीचा. आपण काही गोष्टी खऱ्या धरून चाललेलो असतो आणि अचानक त्यांच्याशी न जुळणारी एखादी नवी गोष्ट कळते. आता शहाण्या माणसानं, किंवा शहाण्या यंत्रानं, जुन्यातलं काय सोडावं आणि काय ठेवावं? लग्न नवीन असताना हे सगळं मी सासूबाईंना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं होतं. त्या मटार सोलत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मत कसं बदलायचं हे शिकायला मुलं फी भरतात. नारायण पेठेत मात्र क्लास काढू नकोस हो. इथे कोणाला गरज पडायची नाही."

त्या स्वतः चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात नोकरीला लागल्या आणि संगणकावरची पानं तपासत निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही बुधवार पेठेतल्या एका लहान प्रकाशकाची प्रुफं त्यांच्याकडे येत राहिली. दर पंधरा दिवसांनी खाकी पाकीट घेऊन त्या चालत जायच्या, दुसरं पाकीट घेऊन यायच्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं. ओळीखाली फूटपट्टी धरून त्या वाचत बसल्या की घरात मोठ्यानं बोलायची सोय नसे. नवऱ्याचं आणि माझं काही भांडण असलं तर ते आम्ही स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून उरकत असू.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या विसरायला लागल्या. दोनदा दूध गॅसवर राहून पातेलं जळालं. समोरच्या शेजारणीला त्यांनी तिच्या जावेच्या नावानं हाक मारली, आणि त्या दोघींचं बोलणं नसल्यामुळे ते प्रकरण बरेच दिवस पुरलं. चालताना तोल जायला लागला. मग एकदा प्रकाशकाकडून परत येताना त्या लक्ष्मी रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि घरी जायला कुठे वळायचं ते त्यांना आठवेना. एका ओळखीच्या दुकानदारानं त्यांना खुर्चीवर बसवून आम्हाला फोन केला. आम्ही त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वार, महिना, शंभरातून सात वजा असं काहीबाही विचारलं आणि नंतर आम्हा दोघांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी. वय आहे. लक्ष ठेवा."

डॉक्टर "असावी" म्हणाले होते. रिक्षा घरापाशी थांबेपर्यंत आमच्या मनात शंकेला जागाच उरली नव्हती. त्यात डॉक्टरांचा काही दोष नाही.

त्या आठवड्यात आम्ही भराभर निर्णय घेतले. मी कॉलेजला निघताना गॅस सिलिंडरपाशीच बंद करायचा. स्वयंपाकाला एक बाई लावायच्या. लॅचची किल्ली सासूबाईंकडून काढून घ्यायची आणि त्यांनी एकट्यानं बाहेर जायचं नाही. त्यांनी वाद घातला नाही. किल्ली हातात देताना एवढंच म्हणाल्या, "तुरुंगात निदान भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरलेली असते." आम्ही हसलो आणि किल्ली ठेवून घेतली.

चौथी गोष्ट मी एकटीनं केली. त्यांचं एक पाकीट तपासून तयार होतं. दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि प्रकाशकाला फोन केला. म्हटलं, आईंना आता झेपत नाही, हे पाकीट आम्ही पोचवतो, पुढचं पाठवू नका. आणि कृपा करून त्यांना काही बोलू नका, त्यांना वाईट वाटेल. प्रकाशक सज्जन माणूस. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि शब्द दिला. फोन ठेवल्यावर मला अगदी हलकं वाटलं. आपण किती समंजसपणे हे हाताळलं, असंही वाटलं.

महिनाभरानं सासूबाईंनी विचारलं, "काही निरोप?" मी नाही म्हटलं. मग त्यांनीच फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं असेल ते मला माहीत होतं: सध्या काम जरा कमी आहे, ताई. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि टेबलावरची फूटपट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.

त्याच सत्रात मी वर्गात समजुतींची दुरुस्ती शिकवत होते. नियम सोपे आहेत. पहिला, बदल करायचा तो कमीत कमी. एका फटीसाठी घर पाडायचं नाही. दुसरा, दोन समजुतींचं एकमेकींशी पटेनासं झालं तर जी कमी पक्की ती सोडायची. फळ्यावर मी पाच-सहा विधानं लिहिली, त्यांना पक्केपणाचे क्रमांक दिले आणि कुठलं जाईल ते काढून दाखवलं. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. अमरावतीकडची, एरवी फारसं न बोलणारी.

"मॅडम, पण हे नंबर देणार कोण? आपणच ना? मग जी गोष्ट आपल्याला सोडायचीच नाही, तिलाच आपण सगळ्यात वरचा नंबर देऊन टाकू."

मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला बघू. पुढच्या तासाला मी दुसरं प्रकरण सुरू केलं.

मग तो गुरुवार आला. मंगळवारी चहाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "गुरुवारी पाणी नाही. भरून ठेवा." खडकवासल्याकडून येणाऱ्या पाण्याची कुठली ना कुठली दुरुस्ती निघते आणि गुरुवारी पाणी बंद राहतं, हे पुण्यात कोणाला नवीन नाही. पण आदल्याच गुरुवारी पाणी गेलेलं होतं.

"ते मागच्या गुरुवारी होतं, आई."

"मागच्याही होतं, ह्याही आहे. पेपरात आलंय, चौथ्या पानावर."

"बरं," मी म्हटलं. त्या वर्षी आमच्या घरात हा शब्द फार चालला. त्या काही सांगत आणि आम्ही बरं म्हणत असू. पेपर दोन हातांवर पडला होता, पण मी चौथं पान उघडलं नाही.

गुरुवारी सकाळी माझ्या डोक्यावर शाम्पूचा फेस असताना नळ सूं करून थांबला. मी डोळे मिटून उभी. बाथरूमच्या दाराबाहेर बादली ठेवल्याचा आवाज आला आणि मागोमाग सासूबाईंचा: "मागचा गुरुवार संपला का गं?"

त्यांनी दोन बादल्या भरून त्यांच्या खोलीच्या गॅलरीत ठेवल्या होत्या. एक मला दिली.

डोकं पुसताना मी माझ्याच विषयातलं गणित केलं. माझ्याकडे तीन विधानं होती. ह्यांना स्मृतिभ्रंश झालाय. तो झालेली माणसं आठवड्यांची गल्लत करतात. आणि ह्यांनी आठवड्यांची गल्लत केली नव्हती, गल्लत मी केली होती. मी कमीत कमी बदल केला: ह्या वेळी योगायोगानं त्यांचं बरोबर आलं. सगळं पुन्हा जागच्या जागी बसलं. नियमात कुठेही चूक नव्हती, आणि बसमध्ये बसल्यावर मला त्या मुलीचा प्रश्न आठवला.

मी त्याच दिवशी एक वही केली. सात दिवस सासूबाई जे जे ठामपणे सांगतील ते लिहायचं आणि कोणी सांगितलं हे विसरून ते खरं की खोटं ते तपासायचं. सात दिवसांत सतरा विधानं जमली. चौदा बरोबर निघाली. दोन चुकली, त्यांतलं एक मलाही चुकीचंच माहीत होतं. उरलेलं एक मला तपासता येईना, कारण ते बाहेरून दिसणारं नव्हतं: "माझ्या पायांना मुंग्या येतात, जमिनीवर चालताना कापसावर चालल्यासारखं वाटतं." हे त्या कित्येक महिने सांगत होत्या. आम्ही बरं म्हणत होतो.

ह्या वेळी आम्ही मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आमच्याकडे न बघता सगळे प्रश्न त्यांनाच विचारले. पायाच्या अंगठ्याला कंपन करणारा चिमटा लावून, कंप थांबला की सांगा, म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "सुरू झाला की सांगा." साखरेच्या गोळ्या किती वर्षं घेताय, हेही त्यांनी विचारलं. चौदा वर्षं. रक्त तपासलं तर त्यात बी-ट्वेल्व जवळजवळ नव्हतंच. त्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की काहींच्या बाबतीत असं होतं, शिवाय जेवण शाकाहारी. विसरणं, तोल जाणं, मुंग्या, सगळं त्यानं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. किती भरून येईल ते मात्र सांगता येत नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. पाचेक महिन्यांत सासूबाई बऱ्याचशा परत आल्या. सगळ्या नाही, पायाचे अंगठे बधिरच राहिले आणि काही नावं अजून हाताला लागत नाहीत. पण शब्दकोडं पूर्ण व्हायला लागलं, आणि एका सकाळी त्यांनी स्वयंपाकाच्या बाईंना आमटीत गूळ किती घालावा ह्यावर व्याख्यान दिलं तेव्हा नवरा पेपराआड तोंड लपवून रडला. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

म्हणजे ती समजूत मी मागे घेतली. आता माझ्या विषयातला पुढचा भाग. एक समजूत सोडली की काम संपत नाही. तिच्या आधारानं आपण जे जे ठरवलेलं असतं ते तसंच उभं राहतं, खाली काही नसताना. म्हणून यंत्राला प्रत्येक निष्कर्षाबरोबर तो कशावर उभा आहे ह्याची नोंद ठेवायला सांगतात. खालचं निघालं की यंत्र नोंदी बघतं आणि वरचं एकेक तपासतं. ज्याला दुसरा आधार आहे ते राहतं, बाकीचं जातं. माणसं अशी नोंद ठेवत नाहीत.

मी ठेवायचं ठरवलं. एका कागदावर यादी केली. गॅस: पुन्हा सुरू. किल्ली: परत. बाहेर जाणं: खुशाल. स्वयंपाकाच्या बाई: त्यांच्याबद्दल सासूबाई म्हणाल्या, राहू देत, तिच्या पोळ्या तुझ्यापेक्षा बऱ्या असतात. दुसरा आधार सापडला, बाई राहिल्या. यादीत शेवटी मी "प्रकाशक" एवढंच लिहिलं होतं. त्यावर काट मारली नाही. आज करू, उद्या करू. खरं कारण असं की पहिल्या गोष्टी परत देताना माझं कौतुक होत होतं, आणि ही परत द्यायची तर आधी ती मी घेतली होती हे सांगावं लागणार होतं.

तोंड वर करून मी त्यांना ह्या नोंदींच्या पद्धतीबद्दलही सांगितलं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. खिळ्यांच्या दिवसांत, त्या म्हणाल्या, ओळीत एक शब्द वाढवला की शेवटचा शब्द खालच्या ओळीत ढकलावा लागे, तिथला त्याच्या खालच्या. जुळाऱ्यानं एवढे खिळे हलवले म्हणजे नव्या चुका होणारच. म्हणून दुरुस्तीचं प्रूफ आलं की नुसता दुरुस्त केलेला शब्द बघून भागत नसे, तिथपासून परिच्छेद संपेपर्यंत वाचायचं. "नवीन लागलेल्या मुली शब्द बघून सही करायच्या," त्या म्हणाल्या. मी विषय बदलला.

त्या पुन्हा टेबलाशी बसायला लागल्या होत्या. ड्रॉवरमधली फूटपट्टी बाहेर आली होती. त्यांनी तपासलेलं शेवटचं पुस्तक मधल्या काळात छापून आलं होतं आणि प्रकाशकानं एक प्रत पाठवली होती. ते त्या रोज वाचत. संपलं की पहिल्या पानापासून पुन्हा. मी हे चांगलं लक्षण धरलं, नवऱ्यालाही सांगितलं. एका रविवारी दुपारी मी विचारलं, "एवढं आवडलं का हो हे पुस्तक, आई?"

"अतिशय रटाळ आहे."

"मग?"

"चूक शोधतेय." त्यांनी पट्टी एक ओळ खाली घेतली. "काहीतरी मोठं राहिलं असणार माझ्याकडून. डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतंच. तो बिचारा भला माणूस, काम कमी आहे म्हणतो. पण सोळा वर्षांचं काम असं उगाच थांबत नाही. तिसऱ्यांदा वाचतेय. नऊ सापडल्या, पण त्या बारीकसारीक आहेत. नऊ बारीक चुकांसाठी कोणी माणूस तोडत नाही. मोठी असणार कुठेतरी."

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं नऊ नोंदी केल्या होत्या. दहा हा आकडा घालून पुढची जागा मोकळी ठेवली होती.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांच्या तर्कात काहीही चुकलेलं नव्हतं. हातात होतं तेवढ्यावरून कोणीही शहाणं माणूस तिथेच पोचलं असतं. एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती, आणि ती मी यादीत लिहून पर्समध्ये घेऊन फिरत होते.

मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. सगळं, म्हणजे "त्यांना बोलू नका" हेही.

त्यांनी पट्टी होती त्या ओळीवरच ठेवली. मग म्हणाल्या, "कधी केलास फोन?"

"तुमचं शेवटचं पाकीट तयार होतं, त्या दिवशी. दुपारी."

"मी कुठे होते?"

"इथेच. टेबलापाशी."

"आणि तू?"

"स्वयंपाकघरात."

"दार लावून."

"लोटून," मी म्हटलं, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर मला आणखीच कसंतरी झालं.

"मला झेपत नव्हतं ते खरंच होतं," त्या म्हणाल्या. "ते प्रूफ मी पानापानाला तीनदा वाचलं होतं. ओळीच्या शेवटी गेलं की सुरुवात सुटायची. हे पाकीट देऊन आले की बंद करते म्हणून सांगणार होते मी त्याला. वाक्यसुद्धा ठरवलं होतं." त्यांनी पुस्तक मिटलं. "तू विचारलं असतंस तर मीच नाही म्हटलं असतं. दहा पावलांवर होते."

मी म्हटलं, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, "हो." मग उठून त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. मी गेले नाही, त्यांनी जा असंही म्हटलं नाही. तब्येतीची चौकशी त्यांनी दोन वाक्यांत संपवली आणि पुढच्या आवृत्तीसाठी नऊ चुका पान-ओळीसकट वाचून दाखवल्या. पलीकडचा माणूस लिहून घेत असावा, कारण त्या थांबत थांबत सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काम द्या असं म्हणत नाही. एक लहानसं पाठवून बघा. माझ्याच्यानं होतं की नाही ते मी तुम्हाला कळवेन. मीच कळवेन."

बुधवारी त्या स्वतः जाऊन पाकीट घेऊन आल्या. चाळीस पानांची पुस्तिका, कसल्याशा मंडळाची. चपला काढून टेबलाशी बसल्या आणि मला हाक मारली. मी पोळ्यांचा डबा झाकत होते, तशीच बाहेर आले.

"हे विसरणं पुढे कधीतरी खरंच सुरू होईल," त्या पाकिटाची दोरी सोडवत म्हणाल्या. "माझ्या आईला झालं होतं. झालं तर आधी मला सांगायचं. डॉक्टरच्या आधी, तुझ्या नवऱ्याच्या आधी."

"सांगेन."

"आणि सांगितलेलं मी विसरले तर?"

मी हातातलं डब्याचं झाकण टेबलाच्या कडेला ठेवलं.

"तर परत सांगायचं," त्या म्हणाल्या. "रोज सांगावं लागलं तर रोज."